परदेशी खतशिफारस कोकणातल्या खाचरात उतरवताना

न्यूझीलंडमधल्या सुपर फॉस्फेटवर स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा 9 असतो, आपल्याकडच्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर 16. बघणाऱ्याला वाटतं, आपलंच खत जवळपास दुप्पट जोरदार. प्रत्यक्षात तिकडचं खत आपल्यापेक्षा कडक आहे. तिकडे नुसता फॉस्फरस मोजतात, आपण फॉस्फरसचं ऑक्साइड मोजतो. 9 ला 2.29 ने गुणलं की आपल्या हिशेबाने साडेवीस टक्क्यांच्या वर जातं.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड मूलद्रव्य मोजतात. भारत, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी ऑक्साइड. पालाशासाठी (पोटॅशियमसाठी) गुणक 1.2 आहे. नत्राला असली भानगड नाही, नत्र सगळीकडे नत्रच. अमेरिकेचे पौंड-प्रति-एकर किलो-प्रति-हेक्टरमध्ये आणायला 1.12 ने गुणायचं. आपल्या घरातही एक खड्डा आहे. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली. त्याआधीच्या पुस्तिकेत ‘एकरी दोन गोण्या’ लिहिलं असेल, तर त्यात 46 किलो नत्र धरलेलं असतं. आजच्या दोन गोण्यांत ते 41 किलोच भरतं.

इथपर्यंत नुसता गुणाकार. खरी गोची माती परीक्षणाच्या आकड्यात होते.

मातीतला ‘उपलब्ध’ स्फुरद म्हणजे ठरावीक द्रावणाने ठरावीक वेळ घुसळल्यावर जेवढा सुटला तेवढा. द्रावण बदललं की आकडा बदलतो. आयर्लंड हे एकच बेट, पण दक्षिणेकडच्या प्रजासत्ताकात मॉर्गन पद्धत चालते आणि उत्तर आयर्लंडमध्ये ओल्सन. अहवालात लिटरमागे 7 मिलिग्रॅम आलं, तर मॉर्गनच्या तक्त्यात ही जमीन समाधानकारक, म्हणजे निर्देशांक 3. तोच 7 ओल्सनचा असेल तर निर्देशांक 0, म्हणजे जमीन पार उपाशी. युरोपात अशा दहाहून अधिक पद्धती वापरात आहेत. सारखी जमीन आणि सारखं पीक घेऊन तिथल्या देशांच्या शिफारशी शेजारी मांडल्या, तेव्हा स्फुरदाच्या मात्रेत तिपटीहून जास्त फरक निघाला.

द्रावण एकच असलं तरी निकाल जुळेल असं नाही. भारतात ओल्सन पद्धतीने हेक्टरी 10 ते 25 किलो फॉस्फरस म्हणजे ‘मध्यम’ आणि 25 च्या वर ‘भरपूर’. वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी 22.4 लाख किलो धरतात, म्हणून 2.24 ने भागायचं. 25 किलोचे किलोमागे 11 मिलिग्रॅम होतात. ब्रिटनमध्ये गहू-बार्लीसाठी लिटरमागे 16 ते 25 मिलिग्रॅम ही पातळी हवी असते आणि 11 ला ‘अजून भर घाला’ असा शेरा मिळतो. (तिथे माती वजनावर न मोजता आकारमानावर मोजतात, तेवढा थोडा फरक सोडून देऊ.) आपली मर्यादा विचारते, खत घातलं तर उत्पन्न वाढेल का? ब्रिटनची विचारते, जमिनीतला साठा वर्षानुवर्षं राखला जाईल का? प्रश्नच वेगळे, त्यामुळे या दोन आकड्यांची सरासरी काढणाऱ्याने काहीच काढलेलं नसतं.

आता जांभ्याची लाल माती घ्या. ती आम्लधर्मी आहे आणि तिच्यातली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. ओल्सन पद्धत मुळात चुनखडीच्या जमिनींसाठी बेतलेली. आम्ल जमिनीला ब्रे पद्धत जास्त लागू पडते. म्हणून अहवाल हातात पडला की आधी पद्धत विचारावी. ब्रेचा आकडा ओल्सनच्या तक्त्यात बसवला तर निकाल चुकतो, आणि ही चूक कागदावर कुठेच दिसत नाही.

त्यात पाणी साठवणारं खाचर आणि पाणी न थांबणारी उताराची वरकस जमीन यांचा फरक वेगळाच. चिखलणी करून पाणी साठलं की मातीतली हवा संपते, फेरिक लोहाचं फेरस होतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद काही आठवड्यांत मोकळा होऊ लागतो. म्हणून कमी स्फुरदाच्या खाचरातही भात तग धरतो. त्याच मातीच्या वरकस उतारावर नाचणी-वरी मात्र स्फुरदाविना खुरटते. युरोपातल्या कोरडवाहू गव्हावर बेतलेली मर्यादा भाताला लावायची नाही, ती याचमुळे.

नत्राचंही तसंच. देशभर सेंद्रिय कर्ब 0.75 टक्क्यांच्या वर गेला की नत्र भरपूर समजून मात्रा घटवतात. कोकणात कर्ब अनेकदा 1 टक्क्याच्याही वर असतो, तरी भात नत्राला चांगला प्रतिसाद देतो. कर्बातून जे नत्र सुटतं त्यातलं बरंच पावसाबरोबर बांधावरून निघून जातं. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिना भागात हेक्टरी 10 टनांच्या आसपास भात पिकतो. तिथे बराचसा युरिया कोरड्या जमिनीत देऊन मग कायमचं पाणी भरतात. पाणी त्यांच्या हातात असतं. आपल्याकडे जुलैत पाणी आभाळाच्या हातात, म्हणून नत्र लावणीला, फुटव्यांना आणि लोंबी धरताना असं विभागून द्यावं लागतं.

दोन शिफारशी खरोखर जुळवून बघायच्या, तर खतगोळ्यांचं उदाहरण चांगलं आहे. बांगलादेशात पावसाळी अमन भाताला 1.8 ग्रॅमची युरियाची गोळी सांगतात. आपल्या चारसूत्री या सुधारित भातलागवडीत 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, असते (डीएपी हे नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत). दीडपट वाटते. दोन्हीकडे चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये एक, म्हणजे हेक्टरी 62,500 गोळ्या. त्यांचा युरिया होतो 112.5 किलो, नत्र 52 किलो. आपल्या ब्रिकेट 169 किलो, पण त्यात युरिया 60 आणि डीएपी 40 टक्के, म्हणून नत्र सुमारे 59 किलो आणि वर 31 किलो स्फुरद. दीडपटीचा फरक सात किलोंवर आला, आणि उरलेलं वजन आपल्या मातीला हवाच असलेला स्फुरद निघाला. उलट कोणी 2.7 ग्रॅमची नुसत्या युरियाची गोळी आणून त्याच हिशेबाने खोचली, तर 78 किलो नत्र जातं आणि स्फुरद शून्य: पीक काळंभोर दिसतं, लोळतं आणि कडा करपा या रोगाला आयतं सापडतं.

गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल, हवा नसलेल्या थरात जायला हवी. तिथे अमोनियाचं नायट्रेट होत नाही, म्हणून नत्र उडून किंवा झिरपून जात नाही. बोटाचं भोक उघडं राहिलं तर विरघळलेलं खत वरच्या पाण्यात येतं आणि सगळी मेहनत वाया. रेताड, पाणी न धरणाऱ्या खाचरात या पद्धतीच्या नादी लागू नये.

माडाला मीठ हा असाच उसना घेण्याचा मोह. फिलिपिन्समध्ये झाडामागे किलो-दीड किलो मीठ अधिकृतपणे सांगतात, कारण आतल्या भागातल्या माडांना क्लोरीन कमी पडतं. किनाऱ्यावरच्या माडाला ते खाऱ्या वाऱ्यातून मिळतं. शिवाय कासरगोडच्या नारळावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेची शिफारस आहे झाडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 स्फुरद आणि 1,200 पालाश. हा पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधून (पोटॅशियम क्लोराइडमधून) म्हणजे दोन किलो खतातून दिला, तर त्यातच किलोभराच्या आसपास क्लोरीन येतं. शंका असेल तर चौदाव्या झावळीचं पान तपासून घ्यावं; नारळाच्या पानपरीक्षणासाठी सगळीकडे तीच झावळी घेतात, त्यामुळे निदान हे आकडे थेट ताडून बघता येतात.

मात्रा उसनी न घेता पद्धत उसनी घ्यायची असेल, तर वगळणी-खाचराची घ्यावी. हेक्टरमध्ये जवळपास 99 गुंठे, म्हणून हेक्टरी 100:50:50 म्हणजे गुंठ्याला अंदाजे 1 किलो नत्र आणि अर्धा-अर्धा किलो स्फुरद-पालाश. खतात सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि 850 ग्रॅम पोटॅश. एका गुंठ्यात तिन्ही द्यायची, शेजारच्यात फक्त स्फुरद वगळायचं, तिसऱ्यात फक्त पालाश. कापणीला तिन्हींचं धान्य सारखं वाळवून वेगवेगळं तोलायचं. तीनही तुकड्यांना स्वतंत्र, न पाझरणारा बांध हवा आणि पाणी एकातून दुसऱ्यात सोडायचं नाही. नाहीतर वरच्या खाचरातलं खत खालच्यात उतरतं आणि वगळलेल्या गुंठ्यातही भात छान येतो.