रुखवतातून दिवाणखान्यात: कच्छी भरतकामाची पार्श्वभूमी

सोफ्याच्या उशीवर किंवा पलंगामागच्या भिंतीवर आज जे कच्छ-सौराष्ट्रचं भरतकाम दिसतं, त्यात दोन निराळ्या परंपरा मिसळलेल्या आहेत. एक पुरुषांची, विकण्यासाठी केलेली. दुसरी बायकांची, घरासाठी आणि लेकीच्या लग्नासाठी केलेली. विसाव्या शतकात पहिली आटली आणि दुसरी बाजारात आली. दुकानदार दोन्हींना सरसकट ‘कच्छी’ म्हणून मोकळे होतात.

पहिली परंपरा मोची कारागिरांची. लाल-निळ्या चामड्यावर पशुपक्षी काढून सोन्याचांदीच्या तारेने भरलेल्या गुजरातेतल्या चटयांची तारीफ मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस करून ठेवली आहे. चामडं टोचायचं हत्यारच पुढे नाजूक होऊन आरी म्हणून कापडावर आलं, असं मानतात. आरीच्या टोकाला बारीक आकडी असते. ताणलेल्या कापडाखाली दोरा धरायचा, वरून आरी टोचायची, दोऱ्याचा फास वर ओढून घ्यायचा आणि त्याच फासातून पुढचा टाका काढायचा. बघता बघता सलग साखळी उमटत जाते, सुईपेक्षा कितीतरी वेगाने.

हे काम सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून विलायतेला जात होतं. तिकडच्या गिऱ्हाइकासाठी १७०० च्या सुमारास गुजरातेत भरलेले पलंगाचे पडदे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. म्हणजे परक्याच्या घराची सजावट भरून देणं इथे नवीन नाही. भुजच्या दरबारातही मोचींच्या कामाला मोठा मान होता. संस्थानं गेली, आश्रय तुटला, साखळी टाका यंत्रावर निघू लागला आणि हे काम करणारे हात कमी होत गेले.

दुसरी परंपरा अहीर, रबारी, मुतवा, सोढा, मेघवाळ अशा समाजांतल्या बायकांची. इथे विक्रीचा प्रश्नच नव्हता. मुलगी सासरी जाताना सोबत न्यायचं हे रुखवत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातल्या एकेका तुकड्याला घरात नेमकी जागा होती. तोरण दारावर. चाकळा हा चौकोनी तुकडा आधी सामान बांधायला आणि मग भिंतीवर लावायला. गोधड्यांची चळत झाकायला धरणियो, वर छताला चंदरवो. लग्नाच्या पूजेसाठी हिंदू घरांत पाचकोनी गणेशस्थापन, त्यात मधोमध गणपती आणि बाजूला रिद्धी-सिद्धी. एरवी यातलं बरंचसं घडी घालून ठेवलेलं असे. लग्नकार्याला, सणावाराला बाहेर निघे. वर्षभर उन्हात टांगून ठेवायची वस्तू म्हणून ते कधी केलेलंच नव्हतं. जुनं तोरण खिडकीत लावून वर त्याचा रंग उडतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

या कामातले आरसे जवळून पाहण्यासारखे असतात. आधी अभ्रकाचे तुकडे वापरत, नंतर काच आली. कपडवंज हे गाव त्यासाठी नावाजलेलं. काचेचा मोठा गोळा फुगवून त्याला आतून चकाकीचा लेप द्यायचा आणि मग तो फोडायचा, म्हणून जुन्या कामातला आरसा किंचित बाकदार असतो. त्याला भोक नसतं. आरशावरून आधी दोऱ्यांची आडवी-उभी चौकट ताणायची आणि त्या चौकटीला पकडून कडेने काजटाका घालत जायचं. आरसा बसतो तो दोऱ्याच्या या कोंदणात.

हे घरातलं काम बाहेर पडलं ते गरजेपोटी. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आपल्याला माहीत आहे. तशाच फेरीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी गावोगावची जुनी तोरणं, घागरे, चोळ्या गोळा केल्या. धड होतं ते संग्राहकांकडे आणि परदेशी गेलं. फाटकं होतं ते कापून, जोडून त्याचे भिंतीवरचे पडदे आणि उशांचे अभ्रे झाले. आज ‘जुनं कच्छी पॅचवर्क’ म्हणून विकलं जातं त्यात कुणाच्या तरी चोळीची बाही आणि बैलाची झूल शेजारी शेजारी शिवलेली असू शकते.

नवं काम विकण्याची वाट दुष्काळाने दाखवली. १९६९ साली दुष्काळाच्या मदतकार्यासाठी कच्छातल्या धाणेटी गावात गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांनी तिथल्या अहीर बायकांचा हात पाहिला आणि फुकटच्या मदतीपेक्षा भरतकामाची मजुरी द्यायचं ठरवलं. त्यातून ‘सृजन’ ही संस्था उभी राहिली. पुढे १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या सिंधमधल्या थरपारकरमधून सोढा आणि मेघवाळ कुटुंबं कच्छात आली, त्यांनी आपलं ‘सूफ’ भरतकाम आणलं. कापडावर काही न आखता, उलट्या बाजूने ताणे-बाणे मोजत त्रिकोण भरत जायचे. एक धागा चुकला की नक्षी तिरकी. निर्वासितांच्या हाती विकण्याजोगं जे थोडं होतं, त्यात हे कसब होतं. नव्वदच्या दशकात कच्छातल्या सुमरासर शेख गावच्या ‘कला रक्षा’सारख्या संस्थांमधून त्याला शहरी गिऱ्हाईक मिळालं.

रबारींची गोष्ट मात्र उलट्या दिशेने गेली. ढेबरिया या रबारींच्या एका शाखेत रुखवत पुरं झाल्याशिवाय मुलगी सासरी जात नसे. अपेक्षा वाढत गेल्या, भरायचे तुकडे वाढत गेले आणि लग्न होऊनही मुली वर्षानुवर्षं माहेरी टाके घालत बसू लागल्या. शेवटी १९९५ साली समाजातल्या वडीलधाऱ्यांनी भरतकामावर बंदीच घातली. ही बंदी घरच्या वापरावर होती, मजुरीने भरून द्यायला आडकाठी नव्हती. मग बायकांनी स्वतःसाठी तयार फिती, लेस आणि शिलाई यंत्र जवळ केलं, आणि हाताने भरलेलं काम दुसऱ्यांच्या घरांसाठी बाहेर जात राहिलं.