पूर आला आणि निवारा केंद्रात जावं लागलं तर नोंदणी, पंचनामा आणि कागदपत्रं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉटमधली कितीतरी घरं बाहेर पडली आणि बरेच जण फक्त कागदपत्रं शोधत बसल्यामुळे उशिरा निघाले, म्हणून आधी हेच सांगतो, केंद्रात राहायला कुठलंही कागदपत्र लागत नाही. शाळा असो, मंगल कार्यालय असो की मैदानातले तंबू, नाव, पत्ता, घरातली माणसं किती एवढं सांगायचं. भाडेकरू असाल तरी तेच.

पण रजिस्टरला नाव लागलंच पाहिजे, कुटुंबातल्या प्रत्येकाचं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. पुढे "तुम्ही स्थलांतरित होता का" असं विचारलं की हीच नोंद कामाला येते. पाहुण्यांकडे गेलात तरी वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला किंवा तलाठ्याला कळवून ठेवा.

केंद्रात काय मिळायला पाहिजे तेही माहिती असू द्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज 3 लिटर पिण्याचं पाणी आणि 30 जणांमागे एक संडास आहे. कमी पडत असेल तर केंद्रप्रमुखाला लेखी द्या, मागायला लाजू नका.

खरी गडबड पाणी उतरल्यावर होते. आपण घाईघाईत घर धुवून काढतो आणि पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा दाखवायला काहीच नसतं. झाडू मारायच्या आधी भिंतीवरची चिखलाची रेघ, फुगलेलं कपाट, गाद्या, सगळ्याचे फोटो काढा. घरात पाणी किती फूट आणि किती दिवस होतं ते पंचनाम्यात लिहिलंय का ते बघूनच सही करा, आणि पानाचा फोटो घ्या.

कागदपत्रं म्हणजे आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरपट्टी पावती किंवा लाईटबिल, भाडेकरूंना भाडेकरार. रेशनकार्ड भिजलं असेल तर उन्हात टाकू नका, पानं चिकटतात, वर्तमानपत्राच्या कागदात दाबून ठेवा. आधार ऑनलाइन परत काढता येतं.

सरकारी आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषात कपड्यांसाठी 2500 आणि भांड्यांसाठी 2500 रुपये कुटुंबामागे होते, घराच्या पडझडीची मदत वेगळी. भाडेकरूंनो, घर मालकाचं असलं तरी बुडालेली भांडी तुमची आहेत, त्यामुळे पंचनाम्यात तुमच्या कुटुंबाचं नाव वेगळं लिहून घ्या.