हवेत लटकलेल्या नळाला पाणी येतं कुठून?

मालवणजवळच्या देवबागला माझ्या चुलतभावाचा होमस्टे आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात आलं की अंगणात तो मोबाईलवर दिसतो तसला हवेत लटकलेला नळ पाहिजे, म्हणजे भलामोठा पितळी रंगाचा नळ, वर पाइप नाही, खाली खांब नाही, कुठे तार बांधलेली नाही आणि तरी त्यातून धो धो पाणी पडतंय. माझं कुडाळला मोटर रिवाइंडिंग आणि पंप रिपेअरचं दुकान, त्यामुळे साहजिकच काम माझ्या गळ्यात आलं, आणि मी पण हो म्हटलं कारण मला वाटलं दोन दिवसांचं काम असेल. तीन आठवडे गेले. पण त्या तीन आठवड्यात पाणी, उजेड आणि आपले डोळे यांच्याबद्दल जे कळलं ते शाळेत कधी कळलं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

गुपित आधीच सांगून टाकतो. पाण्याची जी धार खाली पडताना दिसते ना, तिच्या पोटातच पाइप उभा असतो. नळ त्या पाइपवरच टेकलेला असतो, म्हणजे आपल्याला जो नळ धार सोडतोय असं वाटतं तो खरंतर धारेच्या आतल्या काठीवर उभा असतो. खाली टाकीत पंप, पंप पाइपमधून पाणी वर ढकलतो, ते नळाच्या पोटात जाऊन आपटतं, वरून बंद असल्यामुळे तिथूनच उलटं फिरतं आणि नळाचं तोंड पाइपपेक्षा बरंच मोठं असल्यामुळे मधल्या फटीतून पाइपच्या चारी बाजूंनी खाली येतं. टाकीत पडलं की परत वर. स्पेनमध्ये कादिझच्या बाजूला एल पुएर्तो दे सांता मारिया म्हणून गाव आहे, तिथल्या वॉटर पार्कमधला असाच नळ जगभर फोटोंमधून फिरलाय, आणि आता कितीतरी देशांत बागांमधून असे नळ उभे आहेत.

ताकद किती लागते म्हणाल तर फार नाही. दीड इंची पाइपमधून सेकंदाला दोन लिटर पाणी अडीच मीटर वर न्यायचं तर निव्वळ उचलायला पन्नासेक वॅट पुरतात, पंपाचं आणि पाइपातलं नुकसान धरून मी अर्धा एचपीचा मोनोब्लॉक टाकला.

खरी डोकेदुखी लपवण्याची. पहिल्यांदा मी दुकानात पडलेला पांढरा पीव्हीसी पाइप लावला, म्हटलं पाण्यात कोण बघतंय, तर तो लांबून पण दिसायचा. मग पारदर्शक ॲक्रिलिकचा आणला. आता गंमत बघा, पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या कडांवर उजेड वळतो आणि थोडा परततो म्हणून. उजेड हवेतून ॲक्रिलिकमध्ये शिरला की त्याचा वेग एकदम बदलतो, पाण्यातून शिरला तर कमी बदलतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड आत शिरल्यावर किती मंदावतो त्याचा आकडा, १.३३ आणि ॲक्रिलिकचा १.४९, दोघं तसे जवळचे. अगदी सारखे असते तर पाइप गायबच झाला असता. ही गायब होण्याची गोष्ट घरी करून बघता येते, बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी सूर्यफुलाच्या तेलात बुडवा आणि आतही तेल भरा, नळी दिसेनाशी होते कारण दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. हात घातला की लागते, डोळ्याला नाही.

पण माझा ॲक्रिलिकचा पाइप तरी दिसायचाच! दोन दिवस मी नुसता तिथे बसून बघत होतो. मग लक्षात आलं की पाणी फार गुळगुळीत उतरत होतं, पाइपला चिकटून, काचेच्या पापुद्र्यासारखं. गुळगुळीत पाण्यातून आरपार दिसणारच ना. पाणी खडबडीत पाहिजे, फेसाळ, त्यात हवेचे बुडबुडे पाहिजेत म्हणजे उजेड दहा दिशांना विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं, जसा धबधबा पांढरा दिसतो. शेवटी भांडी घासायची तारेची घासणी उलगडून नळाच्या तोंडात आतून गोल बसवली. पाणी त्यातून फाटत, उसळत बाहेर आलं आणि पाइप गेला. एकदम गेला. मी खरंच ओरडलो त्या दिवशी.

तरी खालची वीतभर राहिलीच. वर झाकलेलं, खाली उघडं. त्याचं कारण तुमच्या मोरीतल्या नळाला पण दिसेल, बारीक धार सोडा आणि बघा, वर जाड असते आणि खाली जाता जाता बारीक होते, कारण पाणी पडताना वेग घेतं आणि तेवढंच पाणी जास्त वेगानं जायचं तर धार बारीकच व्हायला पाहिजे. माझ्या नळाचं पण तेच, पाइपभोवतीचं पाण्याचं कवच खाली पातळ होत होतं. मग तळाशी समुद्रावरचे गोटे असे रचले की पाणी त्यावर आपटून फेस वर उडावा आणि ती वीत फेसात बुडाली.

आता ह्यात डोळा कुठे फसतो? माझं मत असं की डोळा फसतच नाही, डोक्यातला एक पक्का नियम फसतो. जन्मापासून आपण बघतोय की पाणी वरून खाली येतं आणि नळ दिसला म्हणजे पाणी नळातून आलं. त्यामुळे धारेकडे बघताना तिच्या आत काही वर जात असेल असा संशयच येत नाही, आपण आधार शोधतो तो नळाच्या वर नाहीतर मागे, जिथे तो नाहीये. चुलतभावाची मुलगी सहा वर्षांची, तिनं पहिल्याच दिवशी सरळ धारेत हात घातला आणि ओरडली, "गावलो, पाइप गावलो!" मोठी माणसं मात्र नळाभोवती गोल फिरून वर बघत बसतात.

पाण्याच्या आड आधार लपवायची ही युक्ती मोठमोठ्या कलाकारांनी पण वापरलीय. १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात इसामु नोगुची यांनी तळ्यात नऊ कारंजी केली, त्यातल्या काहींमध्ये उंचावरच्या ठोकळ्यांतून पाणी जोरात खाली सुटायचं, असं की बघणाऱ्याला वाटावं हा ठोकळा पाण्याच्या जोरावर वर उठतोय. कारंजं म्हणजे पाणी वर उडणार ही समजूतच त्यांनी उलटी केली. ओलाफुर एलियासन यांनी २०१६ मध्ये फ्रान्सला व्हर्सायच्या कालव्यात उंच धबधबा उभा केला, तो लांबून बघितला की आकाशातून मधूनच सुरू झाल्यासारखा दिसायचा, मागचा लोखंडी सांगाडा पाण्यानेच झाकलेला. मला त्यांचं जास्त कौतुक ह्यासाठी वाटतं की ह्याच माणसानं २००८ मध्ये न्यूयॉर्कला चार धबधबे केले होते आणि तिथे परांची सरळ उघडी ठेवली होती, बघा म्हणाले, असं केलंय, आणि तरी लोक बघायला यायचे. शिकागोत २००४ पासून जाउमे प्लेन्सा यांचं क्राउन फाउंटन आहे, पन्नास फुटी दोन मनोरे, त्यांवर शहरातल्याच साधारण हजार लोकांचे चेहरे आलटून पालटून दिसतात, चेहरा ओठांचा चंबू करतो आणि बरोबर तिथूनच खरं पाणी उडतं. तोटी आपल्या जागेवरच असते, चित्रातले ओठ तिच्यावर आणून ठेवलेले असतात, एवढंच.

आपल्या किनाऱ्यावरचं म्हणाल तर कोचीला २०१४ च्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, शिल्पकार अनिश कपूर यांचं डिसेन्शन नावाचं काम होतं. आम्ही दोघं मित्र कोकण रेल्वेनं गेलो होतो. खोलीच्या जमिनीत मोठ्ठं गोल भोक आणि त्यात काळं पाणी गरगर फिरतंय, मधोमध खोल खड्डा, तळ दिसत नाही. पंपवाला माणूस असून मला काठावर उभं राहवेना. भोवऱ्यात मध्याकडे जावं तसा पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि मध्ये पाणी खचतं, हे माहीत होतं, पाणी खालून जाऊन परत येतंय हे पण माहीत होतं. पाय मात्र मागेच येत होते.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या सायन्स म्युझियमबाहेर एकोणतीस टनांचा ग्रॅनाइटचा गोळा पाण्यावर फिरतो, लहान पोर सुद्धा हातानं फिरवतं. दगड तरंगत नाही हो, त्याच्या बुडाच्या मापाची वाटी आणि दोघांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा. बुडाखाली एक चौरस मीटर जागा धरली तर दाब लागतो चौरस सेंटीमीटरला तीन किलोच्या आतबाहेर, गाडीच्या टायरपेक्षा थोडाच जास्त.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो प्रकार म्हणजे थांबलेले थेंब. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात हॅरोल्ड एजर्टन म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्याखाली थेंब सोडून दाखवले. समजा सेकंदाला पन्नास थेंब पडतायत आणि दिवा पण पन्नासदाच लुकलुकतोय, तर दर वेळी उजेड पडतो तेव्हा आधीच्या थेंबाच्या जागी बरोबर पुढचा थेंब आलेला असतो, आणि मोत्यांची माळ हवेत थांबल्यासारखी दिसते. दिवा किंचित जलद केला की पुढचा थेंब अजून त्या जागेपर्यंत पोचलेला नसतो, थोडा वरच दिसतो, मग आणखी वर, आणि माळ चक्क वर चढायला लागते. मोबाईलवर नळाचं पाणी उलटं जाताना दाखवतात त्यात दिव्याचं काम कॅमेरा करतो.

ह्यातलं अर्धं आपल्या पडवीत दरवर्षी होतं. पावसात कौलांवरून पागोळ्या गळतात, दिवसा बघितलं तर सरळ धागे. पण रात्री जुनी चोकवाली ट्यूब लावून बघा, ती सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, आणि तीन मीटर खाली आलेला थेंब तेवढ्या शंभराव्या भागात सात-आठ सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे धाग्याच्या जागी तुटक तुटक रेघा दिसतात. पागोळी हा धागा नसून एकामागून एक थेंब आहेत हे मला त्या ट्यूबनं दाखवलं. धार तुटून थेंब का होतात हे शोधणाऱ्यांत बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो होते, आणि त्यांनीच १८३२ मध्ये फिरत्या चकतीवर चित्रं हलताना दाखवायचं खेळणं पण केलं होतं. एकाच माणसानं दोन्ही करावं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं, पुढे तर त्यांची दृष्टीच गेली, तरी घरच्या माणसांच्या डोळ्यांनी त्यांनी प्रयोग चालू ठेवले.

आंबोलीला गेलात तर अजून एक करा. धबधब्यावर एकाच जागी मिनिटभर टक लावा आणि मग झटकन बाजूच्या कातळाकडे बघा, कातळ हळूहळू वर सरकतोय असं वाटेल. रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यावर हे बघून १८३४ मध्ये लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी दमतात, वरच्या दिशेच्या ताज्या असतात, मग त्यांचं पारडं जड होतं. आणि तिथून कावळेसादला गेलात तर दरीतून येणारा वारा पाणी खरोखरच वर फेकतो, तोंडावर येतं. तिथे काही भास-बिस नाही, डोळे दाखवतात ते खरं आहे, पण पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो की हे कसं केलंय.

देवबागच्या नळाची देखभाल मात्र आहे. खाऱ्या वाऱ्यानं आणि विहिरीच्या पाण्यानं पाइपवर पांढरा थर धरतो, शेवाळ येतं, पंधरा दिवसांनी सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, पाण्यानं पुसायला लागतो, जशी आई तांब्याची भांडी घासते तसं, आंबटानं थर सुटतो. आणि पावसाळ्यात लाइट जाते. लाइट गेली की पाणी खाली बसतं आणि ओला पारदर्शक पाइप उभाच्या उभा दिसतो, वर नळ टेकलेला. पाहुणे म्हणतात, अच्छा, असंय होय. मग लाइट येते, पंप घुरघुरतो, पाणी चढतं, पाइप परत नाहीसा होतो, आणि तेच पाहुणे छत्री धरून परत नळाच्या वर काही बांधलंय का ते बघायला लागतात.