घरगुती बिअरसाठी लहान केग

घरी आंबवलेली बिअर बाटल्यांऐवजी दाब सोसणाऱ्या लहान भांड्यात भरून तोटीने ग्लासात घेण्याची व्यवस्था. भांड्याची क्षमता साधारण 2 ते 25 लिटर असते. घरगुती घाणा बहुतेक वेळा 20 लिटरच्या आसपास निघतो. तो बाटल्यांत भरायचा तर अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, प्रत्येकीत साखर घाला आणि प्रत्येकीचे बूच दाबा. केगमध्ये हेच काम एका भांड्यावर भागते. शिवाय बाटली एकदा उघडली की संपवावीच लागते. केगमधून आज अर्धा ग्लास आणि उरलेले चार दिवसांनी, असे घेता येते. मात्र हा फायदा प्रत्येक प्रकारच्या केगमध्ये सारखा मिळत नाही.

तोटी उघडली की बिअर बाहेर येते आणि भांड्यात तेवढी जागा रिकामी होते. ती जागा कशाने भरते, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे. तिथे हवा शिरू शकते, बिअरमध्ये विरघळलेलाच कार्बन डायऑक्साइड वर येऊ शकतो, बाहेरून तो वायू सोडता येतो, किंवा भांडेच आक्रसून जागा उरू देत नाही. बिअर किती दिवस टिकेल, किती फसफसेल आणि खर्च किती येईल, हे बरेचसे इथेच ठरते. तोटीचा आकार आणि भांड्याची चकाकी यांचा विचार नंतर करावा.

हवा आत घेणारी साधने सर्वांत स्वस्त आहेत. हातपंपाने हवा भरून बिअर ढकलणारा पार्टी पंप त्यांपैकीच. एका संध्याकाळी केग संपणार असेल तर तो चालतो. दुसऱ्या दिवशी बिअर मिळमिळीत लागते आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हॉप्सचे (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचे) प्रमाण जास्त असलेल्या बिअरचे नुकसान डोळ्यांनीही दिसते, कारण तिचा सोनेरी रंग मळकट तपकिरी होतो. ब्रिटनमधल्या पिंपातल्या एलचीही (एल हा बिअरचा एक प्रकार) हीच अडचण आहे. तिथला हातपंप, ज्याच्या एका रूपाचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी 1797 मध्ये घेतले, बिअर खेचतो आणि पिंपात हवा शिरते. म्हणून पिंप उघडल्यावर ते मोजक्या दिवसांत संपवावे लागते. हवेऐवजी वातावरणाच्याच दाबाचा कार्बन डायऑक्साइड आत सोडणारी झडप यावर उपाय ठरते. घरी हातपंप लावणाऱ्याने ही झडप लावलीच पाहिजे, कारण घरात पिंप दोन दिवसांत संपत नाही.

स्वतःच्याच वायूवर चालणारे दोन प्रकार रूढ आहेत. पहिला म्हणजे 5 लिटरचा पत्र्याचा डबा, वर रबरी बूच आणि खाली ओढून उघडायची तोटी असलेला. दुसरा म्हणजे ब्रिटनमध्ये घरोघरी दिसणारे प्लास्टिकचे दाबपिंप, साधारण 25 लिटरचे. दोन्हींत भरताना थोडी साखर घालतात, उरलेले यीस्ट ती खाते आणि तयार होणारा वायू बंद भांड्यात बिअरमध्ये मुरतो. बाटलीला लिटरमागे 6 ते 7 ग्रॅम साखर लागते. इथे तिच्या निम्मीच घालावी. पत्र्याच्या डब्यात जास्त साखर पडली तर त्याची वरची-खालची झाकणे फुगून बाहेर येतात, आणि असा डबा पुन्हा वापरात आणू नये. पहिले काही ग्लास जोरात येतात, मग दाब उतरतो, धार बारीक होते आणि शेवटी तोटीतून गुडगुड करत हवा आत शिरते. ही गुडगुड ऐकू आली की उरलेली बिअर त्याच दिवशी संपवावी. बऱ्याच दाबपिंपांच्या झाकणाला वायू सोडायची झडप असते; धार बारीक होताच बाहेरून थोडा कार्बन डायऑक्साइड दिला तर पिंप आणखी काही आठवडे टिकते.

पेटीतल्या पिशवीचा पर्याय सहसा दुर्लक्षित राहतो, आणि ते योग्य नाही. बिअर निघेल तशी पिशवी आक्रसते, त्यामुळे हवा नाही आणि वायूचा खर्चही नाही. पण पिशवी दाब धरत नाही, म्हणून ती कमी फसफसणाऱ्या एलसाठीच. लागर, म्हणजे जास्त फसफसणारी बिअर, भरली तर पिशवी फुग्यासारखी ताणली जाते.

वायूच्या छोट्या कार्ट्रिजवर (दाबाने वायू भरलेल्या कुपीवर) चालणारे 2 ते 10 लिटरचे स्टीलचे केग अलीकडे फार लोकप्रिय झाले आहेत. फ्रिजच्या कप्प्यात मावतात, सहलीला नेता येतात. ते घेण्याआधी एक हिशेब करून पाहावा. साध्या कार्ट्रिजमधला 8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा सोडला तर सुमारे साडेचार लिटर जागा व्यापतो. 5 लिटरचा केग वातावरणापेक्षा 0.8 बार जास्त दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करायचा तर आतली 5 लिटरची जागा वातावरणाच्या 1.8 पट दाबाने भरावी लागते, म्हणजे 9 लिटर वायू. दोन कार्ट्रिज त्यातच गेले. गळती धरली तर तीन. 19 लिटरच्या केगला याच हिशेबाने आठ लागतील. बिअर फसफशीत करण्याचे कामही कार्ट्रिजवर टाकले तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून फसफस साखरेतून आणावी आणि कार्ट्रिज फक्त ढकलण्यासाठी ठेवावे. एक ग्रॅम साखरेतून सुमारे अर्धा ग्रॅम वायू मिळतो आणि तो जवळपास फुकट असतो.

कार्ट्रिज निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. क्रीम फेटण्यासाठी मिळणारे 8 ग्रॅमचे कार्ट्रिज अगदी तसेच दिसते, पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. एअरगनच्या कार्ट्रिजमध्ये वंगणाचा अंश असू शकतो. वेष्टनावरचे नाव वाचल्याशिवाय कोणतेही कार्ट्रिज बसवू नये, आणि एकदा सुईने भोक पडले की रिकामे होईपर्यंत ते उघडू नये.

नियमितपणे बिअर बनवणाऱ्याला मात्र अखेर कॉर्नेलियस केगच परवडतो. उभट, स्टीलचा, साधारण 19 लिटरचा हा केग मुळात सोड्याच्या सरबताचा होता. सोडा कंपन्या सरबत पेटीतल्या पिशव्यांत भरू लागल्या तेव्हा हजारो जुने केग बाजारात आले आणि घरगुती बिअरवाल्यांनी ते उचलले. पेप्सीकडच्या केगची जोडणी चेंडू-कुलपाची (बॉल-लॉक) आणि कोका-कोलाकडची खुंट्यांची (पिन-लॉक); खुंट्यांच्या प्रकारात वायूच्या तोंडाला दोन आणि द्रवाच्या तोंडाला तीन खुंट्या असतात, त्यामुळे नळ्या उलट बसत नाहीत. निम्म्या आकाराचेही असे केग मिळतात. एका तोंडातून सिलिंडरचा वायू आत येतो, दुसऱ्यातून तळापर्यंत जाणाऱ्या नळीने बिअर वर येते. पहिल्या ग्लासात तळाचा साका येतो, तो ओतून द्यावा; तरंगती नळी बसवली तर तीही कटकट मिटते.

दाब किती ठेवायचा, हे तापमानावर अवलंबून आहे. वायूचा दाब जितका जास्त तितका तो द्रवात जास्त विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेला नियम इथे रोज उपयोगी पडतो. आणि बिअर थंड असेल तर कमी दाबातही काम होते. लिटरमागे सुमारे 5 ग्रॅम वायू मुरवायला 4 अंश सेल्सियसला 0.8 बार पुरतो, तर 20 अंशाला जवळपास 2 बार लागतात. थंड केग या दाबाला जोडून ठेवला तर आठवडा-दोन आठवड्यांत बिअर तयार होते. दाब वाढवून केग हलवत घाई करता येते, पण त्यात प्रमाण हमखास चुकते.

ग्लासभर फेस ही नवख्यांची ठरलेली तक्रार. दाब कमी करणे हा चुकीचा इलाज, कारण त्याने काही दिवसांत बिअरच मिळमिळीत होते. दोष बहुधा नळीत असतो. 0.8 बार दाब वाटेत जिरला पाहिजे; त्यासाठी सुमारे 5 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी जवळपास 3 मीटर लांब ठेवतात आणि गुंडाळून फ्रिजमध्येच सोडतात. थेट केगवर बसणाऱ्या तोटीत नळीला जागा नसते, तिथे प्रवाह कमी-जास्त करणारी तोटी घ्यावी. ती फ्रिजबाहेर तापलेली राहिली तर पहिला ग्लास तरीही फेसाळतोच.

केग भरण्यापूर्वी तो जंतुनाशक द्रावणाने काठोकाठ भरून कार्बन डायऑक्साइडने ते बाहेर ढकलावे. आत फक्त वायू उरतो, आणि बिअर तळाच्या नळीतून भरली तर तिची हवेशी गाठच पडत नाही. हॉप्सचा वास जपायचा असेल तर या एका सवयीइतके मोल दुसऱ्या कशाचे नाही. नळी आणि तोटी दर दोन आठवड्यांनी धुवावी. तोटीच्या तोंडाशी वाळलेला चिकट थर आधी आंबट होतो, मग तो आंबटपणा ग्लासात उतरतो.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि बंद खोलीत खाली साचतो, म्हणून मोठा सिलिंडर लहान बंद खोलीत ठेवू नये आणि तो नेहमी उभा, बांधून ठेवावा. केगचे झाकण उघडण्यापूर्वी सुरक्षा झडप ओढून आतला दाब पूर्ण सोडावा. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून दोन मिनिटे पाहत राहावे. बारीक बुडबुडे वाढताना दिसले तर तिथली रबरी रिंग काढून पाहावी. बऱ्याचदा तिच्यावर केसाएवढी चीर असते, आणि एवढ्याशा चिरेतून रात्रीत सिलिंडर रिकामा होऊ शकतो.