इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह : दोषनिदान

एअर फिल्टरकडून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारे नळ्यांचे जुडगे म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. अनेक इंजिनांत या नळ्यांमध्ये फ्लॅप बसवलेले असतात. पेट्रोल इंजिनात ते हवेची वाट इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम) लांब आणि जास्त फेऱ्यांवर आखूड करतात. इनटेक व्हॉल्व्ह मिटताना हवेत दाबाची लाट उठते. ती परत फिरून व्हॉल्व्ह पुन्हा उघडायच्या वेळी पोचली तर सिलिंडर जास्त भरतो. फेऱ्या बदलल्या की ही वेळ चुकते, म्हणून लांबी बदलावी लागते. डिझेलमध्ये फ्लॅपचे काम बहुधा हवा घुमवण्याचे असते. काही गाड्यांत फ्लॅप मोटारीने हलतात, काहींत व्हॅक्यूमने, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाच्या ओढीने. येथे व्हॅक्यूमच्या प्रकाराचाच, म्हणजे व्हॅक्यूम व्हॉल्व्हचाच, विचार केला आहे.

व्हॅक्यूम उगमापासून निघून एकमार्गी चेक व्हॉल्व्ह, साठवण टाकी आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हुकमाने उघडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) यांतून डायफ्रामच्या, म्हणजे लवचिक पडद्याच्या, डब्यात पोचतो. डब्याची दांडी लिव्हर ओढते आणि लिव्हर फ्लॅप फिरवतो. पेट्रोल गाडीत उगम बहुधा मॅनिफोल्डच असतो. पूर्ण रेस दिल्यावर तिथला व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, तेवढ्यापुरती टाकी कामी येते. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकला जोर देणारा ब्रेक बूस्टरही त्याच्यावरच चालतो. त्यामुळे पिकअप गेला आणि ब्रेकचे पेडलही कडक झाले, तर आधी पंप आणि मुख्य नळी पाहावी. मॅनिफोल्ड खोलून फ्लॅप पाहण्यात वेळ घालवू नये.

कोल्हापुरात ही तक्रार ‘गाडी ओढत नाही’ एवढ्याच शब्दांत गॅरेजला येते. ती कुठे ओढत नाही, हे विचारणे निम्मे निदान आहे. रत्नागिरीहून येताना आंबा घाटात कमी फेऱ्यांवर दम लागत असेल, तर वाट आखूडच राहिल्याचा संशय घ्यावा. घाट सहज चढून पुणे-बेंगळुरू महामार्गावर ओव्हरटेक करताना गाडी कोंडत असेल, तर वाट लांब अडकलेली असू शकते. नळी फाटली असेल तर आयडलला आरपीएम वरखाली होतो, कधी बॉनेटखाली सूं असा आवाज येतो.

ईसीयूने नोंदलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी२००४ आला तर फ्लॅप उघडा अडकला, पी२००६ म्हणजे बंद अडकला, पी२०१५ म्हणजे स्थितीदर्शक सेन्सरचे माप जुळत नाही, पी०६६० म्हणजे नियंत्रणाच्या वीजमंडलात खोट. फ्लॅप जागेवर नाही इतकेच पहिले तीन कोड सांगतात. का नाही, हे सांगत नाहीत. कोड वाचून थेट अख्खा मॅनिफोल्ड मागवणे ही या कामातली सर्वांत महागडी सवय आहे. बऱ्याचदा दोष उष्णतेने कडक होऊन तडकलेल्या रबरी नळीत असतो. उसाच्या शिवारालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली नळीही शोधावी.

तपासणी लिव्हरपासून सुरू करावी. इंजिन बंद असताना तो हाताने पूर्ण फिरून स्प्रिंगने परत आला पाहिजे. अडखळला तर कार्बन, नुसताच लुळा हलला तर जोड तुटलेला. मग डब्याला हातपंप लावून सुमारे ५०० मिमी पाऱ्याइतका व्हॅक्यूम द्यावा. दांडी ओढली जावी आणि काटा मिनिटभर हलू नये. काटा उतरला तर डायफ्राम फाटला आहे. डबा ठीक निघाला तर सोलेनॉइडच्या दोन्ही बाजूंना गेज लावावा : टाकीकडच्या बाजूला व्हॅक्यूम आहे, ईसीयूचा हुकूमही मिळतोय, पण डब्याकडच्या बाजूला काही नाही, तर दोष सोलेनॉइडचा किंवा त्याच्या वायरिंगचा. व्हॅक्यूम दिल्यावर फ्लॅप उघडतो की मिटतो हे इंजिनागणिक वेगळे असते, म्हणून त्या इंजिनाचे मॅन्युअल पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

गेज वाचताना उंचीचाही हिशेब लागतो. निरोगी पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण ४३० ते ५३० मिमी दाखवते. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हाच आकडा चाळीस-पन्नास मिमीने कमी येतो. पुस्तकातला आकडा मिळत नाही म्हणून इथे गळती शोधत बसणे व्यर्थ. काटा थरथरत असेल तर मात्र इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि इग्निशनही तपासावेत.

बदलीची नळी व्हॅक्यूमसाठीचीच घ्यावी. पाण्याची मऊ नळी गरम झाली की आतून मिटते आणि तक्रार आठवड्याभरात परत येते. बाहेरच्या लिव्हरचा जोड उद्यमनगरातल्या लेथवर बनवून घेता येतो, आणि तो चालतोही. आतल्या फ्लॅपच्या दांड्याला मात्र असा जुगाड करू नये : तिथून सुटलेला स्क्रू किंवा तुकडा सरळ सिलिंडरमध्ये जातो. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या डिझेल इंजिनांचे फ्लॅप यासाठीच कुप्रसिद्ध आहेत. मर्सिडीजच्या एम२७२ पेट्रोल इंजिनात प्लास्टिकचा लिव्हर तुटतो. आतला दांडा खिळखिळा झाला असेल, तर तेव्हा मॅनिफोल्ड बदलण्याला पर्याय नाही.