खेळणारी मुलं पोस्टकार्डावर कशी आली?

वाई-साताऱ्याकडचे जुने वाडे आवरायला काढले की पत्रांच्या गठ्ठ्यात कधीमधी विलायती रंगीत पोस्टकार्डं सापडतात. काठीने चक्र पळवणारा मुलगा, दोरीवरच्या उड्या, बर्फाचे गोळे. ही चित्रं आली कुठून, हे त्यांच्या छपाईत दडलं आहे.

पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ला आलं, पाव आण्याला. तेव्हा एका बाजूला फक्त पत्ता लिहायचा, त्यामुळे चित्र छापलंच तर मजकुराला उरेल तेवढ्यात भागवावं लागे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून तिथेच मजकूर लिहायची मुभा दिली. दुसरी बाजू अख्खी चित्राला मिळाली आणि नाताळ-ईस्टरच्या शुभेच्छांसाठी गोबऱ्या गालांच्या मुलांना प्रचंड मागणी आली. अमेरिकेच्या एलन क्लॅपसॅडल यांनी अशी असंख्य मुलं रंगवली.

उत्तम छपाई जर्मनीत होई. गुळगुळीत चुनखडी दगडावर चित्र काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि रंग एकावर एक नेमके बसवायचे. भिंग घेऊन बघा: मुलीच्या गालावरची लाली म्हणजे बारीक गुलाबी ठिपक्यांची दाटी असते. १९१४च्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेला होणारा हा पुरवठा तुटला.

हेच शिळाछापाचं तंत्र वापरून चित्रकार राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील रविवर्मा आणि मूळ रविवर्मा यांतलं अंतर कळायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय पाहावंच, तिथे त्यांची मूळ चित्रं आहेत.

कोल्हापुरात जन्मलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं पोस्टकार्डांवर काय जिवंत उतरवली! पण त्या काळच्या कार्डांवर आपली माणसं बहुधा धंद्यावरून दिसतात: भिस्ती, न्हावी, गारुडी. विटीदांडू, आट्यापाट्या, सागरगोटे यांच्या वाट्याला शुभेच्छाकार्डाचं ते लाडकं स्थान आलं नाही. मला याची मनापासून हळहळ वाटते. आट्यापाट्यांत पाटी अडवणाऱ्या गड्याला चुकवताना वाकलेलं पोर धुरंधरांच्या रेषेत काय खुललं असतं!

घरात अशी कार्डं निघाली तर तिकिटासाठी कोपरा कापू नका. टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. कार्ड कधी, कुठून आलं ते त्यावरूनच कळतं.