एपिड्युरल घेतलं की सिझरच होतं?

परवा कोथरूडला बहिणीच्या डोहाळजेवणात एक मावशी तिला सांगत होत्या, "एपिड्युरल नको गं, पाय लुळे पडतात, जोर लावता येत नाही, मग सिझरच." अहो, एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून बारीक नळीने देतात ते औषध. ही भीती जुन्या डोसची आहे, तेव्हा ०.२५ टक्के बुपिव्हाकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, द्यायचे आणि पाय खरंच जड व्हायचे. मग डॉक्टरांनी कमीत कमी किती पुरतं ते शोधलं, एकीला आराम पडला की पुढचीला थोडं कमी, नाही पडला तर थोडं जास्त, असं करत १९९५ मध्ये निम्म्या बायकांना पुरणारा आकडा निघाला, ०.०६५ टक्के! आता साधारण ०.१ किंवा त्याहूनही कमी देतात, सोबत किंचित फेंटानिल हे वेदनाशामक. बहुतेक जणींचे पाय हलतात, जोरही लावता येतो. आणि एपिड्युरलमुळे सिझर वाढत नाहीत.